चेकची मागची बाजू

अमेरिकन सुपरहिरो कॉमिक्स वाचणाऱ्यांमध्ये एक जुना नियम सांगितला जायचा: इथे कोणीच कायमचं मरत नाही. अपवाद तिघांचा. बकी, जेसन टॉड आणि अंकल बेन.

अंकल बेन म्हणजे स्पायडरमॅनचे काका. ते गेले म्हणून तर पीटर पार्करचा स्पायडरमॅन झाला, त्यामुळे त्यांना परत आणायची सोयच नाही. बकी हा कॅप्टन अमेरिकाचा कोवळा साथीदार. तो दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मेला, असं वाचकांना १९६४ साली सांगण्यात आलं. आणि जेसन टॉड म्हणजे बॅटमॅनचा दुसरा रॉबिन. कथेत त्याला १९८८ साली जोकरने मारलं, पण खरं तर वाचकांनी मारलं. डीसी कॉमिक्सने दोन फोन नंबर छापले होते. एकावर फोन केला की 'रॉबिन जगू दे', दुसऱ्यावर केला की 'मरू दे'. एका फोनला पन्नास सेंट. मरू दे म्हणणारे ५,३४३, जगू दे म्हणणारे ५,२७१. बहात्तर मतांनी पोरगा गेला.

२००५ साली बकी परत आला. त्याच वर्षी जेसन टॉडही परत आला. यादीत अंकल बेन तेवढे उरले.

मला हे सगळं दहा वर्षं उशिरा कळलं. २०१५ साली मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि आमच्या हॉस्टेलच्या लॅनवर एक फाइल शेअरिंगचं सॉफ्टवेअर चालायचं. त्याचं नाव डीसी प्लस प्लस. त्यातल्या डीसीचा सुपरमॅनवाल्या डीसीशी काही संबंध नाही, पण मला तो शुभशकुन वाटला होता. कुठल्यातरी सीनिअरच्या मशीनवर जवळजवळ ऐंशी जीबी कॉमिक्स पडलेले होते, सगळे स्कॅन केलेले, एकेका अंकाची एकेक फाइल. कोणी जमवले, कोणी स्कॅन केले, देव जाणे. मी ते सगळे उतरवून घेतले आणि पुढची दोन वर्षं वाचत राहिलो. परीक्षेच्या आदल्या रात्री तर जास्तच. कोणता अंक कोणत्या अंकानंतर वाचायचा याची मी एक्सेल शीट केली होती. ती शीट आमच्या मजल्यावर बरीच लोकप्रिय होती, आणि खरं सांगायचं तर कॉलेजात मी केलेलं सगळ्यात काळजीपूर्वक काम तेच.

त्या काळात एका अंकाने मला खरोखर हलवलं. 'अमेझिंग स्पायडरमॅन'चा १२१वा अंक, जून १९७३. ग्रीन गॉब्लिन ग्वेन स्टेसीला पुलावरून खाली ढकलतो. स्पायडरमॅन जाळं फेकतो, ते तिच्या पायाला चिकटतं, ती पडायची थांबते. तो तिला वर ओढून घेतो, स्वतःची पाठ थोपटतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की ती मेली आहे. ती थांबते त्या चौकटीत तिच्या मानेशी एक छोटासा आवाज लिहिलेला आहे. इतका छोटा की मला पहिल्यांदा दिसलाच नव्हता. मागे जाऊन झूम केलं तेव्हा दिसला. वाचवायला फेकलेल्या जाळ्याच्या हिसक्यानेच मान मोडली. रात्रीचे दोन वाजले होते, रूममेट घोरत होता, आणि मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन उभा राहिलो. गेरी कॉनवेने ती कथा लिहिली तेव्हा तो वीस वर्षांचा होता. माझंच वय.

मग मी पुढचं वाचत गेलो, आणि तिथूनच गडबड सुरू झाली.

कारण पुढे सगळेच मरायला लागतात आणि सगळेच परत येतात. १९९२च्या १८ नोव्हेंबरला 'सुपरमॅन'चा ७५वा अंक निघाला, ज्यात सुपरमॅन मरतो. काळ्या पिशवीत सीलबंद, आत दंडावर बांधायची काळी पट्टी, श्रद्धांजलीची बातमी. अमेरिकेत लोकांनी दुकानांबाहेर रांगा लावल्या. कित्येकांनी चार-पाच प्रती घेतल्या, एक वाचायला आणि बाकीच्या सील न फोडता कपाटात ठेवायला, कारण १९३८चा सुपरमॅनचा पहिला अंक लाखांनी विकला जातो हे त्यांनी टीव्हीवर ऐकलं होतं. तो पहिला अंक महाग का, तर बाकीच्यांनी तो वाचून फेकून दिला म्हणून. सगळ्यांनीच जपून ठेवलेल्या वस्तूला भाव कुठून येणार? वर्ष पुरं व्हायच्या आत सुपरमॅन परत आला. पुढच्या तीन-चार वर्षांत हा सगळा फुगा फुटला, कॉमिक्सची असंख्य दुकानं बंद पडली आणि १९९६च्या डिसेंबरमध्ये मार्वलने दिवाळखोरीचा अर्ज केला.

माझा स्वतःचा फुगा २००७च्या एका कथेने फोडला. पीटर पार्कर आणि मेरी जेनचं लग्न १९८७ साली झालेलं. वीस वर्षं संसार. कंपनीला वाटू लागलं की लग्न झालेला स्पायडरमॅन म्हातारा दिसतो. घटस्फोट दाखवला तर आणखीच म्हातारा दिसेल. मग काय केलं? मे काकूला गोळी लागते, आणि तिला वाचवायला पीटर चक्क सैतानाशी सौदा करतो: तू काकूला वाचव, मोबदल्यात आमचं लग्न झालंच नव्हतं असं करून टाक. सैतान म्हणतो ठीक आहे. पुढच्या पानावर पीटर काकूच्या घरी एकटा झोपेतून उठतो आणि वीस वर्षांच्या कथा पुसल्या जातात. मी ज्या कथा आठवडेच्या आठवडे क्रमाने लावून वाचल्या होत्या त्याच. चार वर्षांनी, सप्टेंबर २०११मध्ये, डीसीने तर सगळी दुकानदारीच पुसली आणि बावन्न मालिका पुन्हा अंक एकपासून सुरू केल्या.

मी एक्सेल शीट अपडेट करणं सोडलं. तेव्हा माझं निदान साधं होतं: लेखक वाईट झालेत. आधीचे चांगले होते, आताचे पाट्या टाकतात. फॅन मंडळींमध्ये हे निदान फार प्रिय आहे, कारण ते केलं की आपली आवड शाबूत राहते.

नोकरी लागल्यावर मी कॉमिक्सऐवजी कॉमिक्सचा इतिहास वाचायला लागलो. कथा नाहीत तर निदान कथांच्या गोष्टी, अशा हिशेबाने. आणि तिथे मला एका चेकचा फोटो सापडला.

१ मार्च १९३८चा चेक. एकूण रक्कम ४१२ डॉलर. त्यात वेगवेगळ्या कामांचे पैसे आहेत आणि एका ओळीत लिहिलंय: सुपरमॅन, १३० डॉलर. तेरा पानं, पानाला दहा डॉलर. चेक जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन पोरांच्या नावाने. दोघंही तेव्हा तेविशीचे, दोघंही स्थलांतरित ज्यू कुटुंबांतले, शाळेपासूनचे मित्र. सीगल लिहायचा, शुस्टर काढायचा. सुपरमॅनची कल्पना घेऊन ते काही वर्षं दारोदार फिरले होते आणि सगळ्यांनी नाही म्हटलं होतं. शेवटी एकाने हो म्हटलं. त्या १३० डॉलरमध्ये तेरा पानंही गेली आणि पात्रही गेलं, कायमचं.

यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्यांना लगेच रस्त्यावर काढलं नाही. पुढची जवळजवळ दहा वर्षं सुपरमॅन लिहिण्या-काढण्याचं काम त्यांच्याकडेच होतं आणि त्याचे पैसे चांगले मिळत होते. पण ते पैसे मजुरीचे होते. रेडिओ, वर्तमानपत्रं, खेळणी, कार्टून फिल्म, यांतून येणारा मोठा पैसा दुसरीकडे जात होता. १९४७ साली त्यांनी कोर्टात दावा लावला. पुढच्या वर्षी सुमारे ९४ हजार डॉलरवर तडजोड झाली, त्यातला बराचसा भाग वकिलाकडे गेला, आणि सुपरमॅनच्या प्रत्येक अंकावर येणारी त्यांची नावं काढून टाकण्यात आली. काम अर्थातच बंद.

मला इथे 'ॲक्शन कॉमिक्स'चा तिसरा अंक आठवतो. सीगल-शुस्टरचा सुरुवातीचा सुपरमॅन परग्रहावरच्या राक्षसांशी लढत नाही. तो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला भिंतीवर आपटतो, भ्रष्ट लॉबिस्टला उचलून टेलिफोनच्या तारांवरून पळवतो. तिसऱ्या अंकात तो खाणकामगाराचा वेश घेऊन एका खाणमालकाला आणि त्याच्या पार्टीतल्या श्रीमंत पाहुण्यांना त्यांच्याच धोकादायक खाणीत अडकवून टाकतो. सुरक्षेवर खर्च न केल्याने मजुरांवर काय वेळ येते ते मालकाला कळावं म्हणून. महामंदीतल्या दोन पोरांनी कल्पिलेला सुपरमॅन हा होता. त्यांच्या स्वतःच्या मालकाला असा कोणी भेटला नाही.

सत्तरच्या दशकात दोघं पुन्हा कोर्टात गेले आणि १९७४ साली अपिलातही हरले. तोवर सुपरमॅनवर मोठा सिनेमा काढायचं ठरलं होतं. सीगल लॉस एंजेलिसमध्ये कारकुनी करत होता. शुस्टरची नजर जवळजवळ गेली होती आणि तो न्यूयॉर्कमध्ये भावाकडे राहत होता. चित्रकार, आणि नजर गेलेली. १९७५ साली सीगलने एक लांबलचक पत्रक लिहून वर्तमानपत्रांना पाठवलं आणि त्यात त्या सिनेमाला शाप दिला. नील ॲडम्स आणि जेरी रॉबिन्सन या दोन चित्रकारांनी ते प्रकरण उचलून धरलं, टीव्हीवर नेलं. सिनेमाच्या तोंडावर एवढी बदनामी परवडणारी नव्हती. १९७५च्या डिसेंबरमध्ये कंपनीने दोघांना वर्षाला प्रत्येकी २० हजार डॉलर द्यायचं कबूल केलं, आणि नाव द्यायचंही. १९७८चा तो सिनेमा पाहिलात तर सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं दिसतील. कोणताही कायदा त्यामागे नव्हता. लाज होती.

आता पुन्हा १९९२कडे. ३० जुलैला जो शुस्टर वारला. डोक्यावर कर्ज होतं. त्याच वर्षी त्याच्या भावा-बहिणीने कंपनीशी करार केला: कंपनी कर्ज फेडेल, बहिणीला वर्षाला २५ हजार डॉलर देईल, आणि कुटुंब यापुढे कसलाही दावा करणार नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये काळ्या पिशवीतला सुपरमॅन मेला आणि अमेरिकाभर लोकांनी दंडाला काळ्या पट्ट्या बांधल्या. हे दोन मृत्यू एकाच वर्षी आहेत हे मला कळलं तेव्हा मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. ७५वा अंक मी हॉस्टेलमध्ये दोनदा वाचला होता. त्या वर्षी आणखी कोणी मेलं असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

कुटुंबांचे खटले पुढे वीस वर्षं चालले. २००८ साली एका न्यायाधीशाने सीगल कुटुंबाला पहिल्या कथेच्या हक्कातला वाटा परत दिला. सीगलची बायको जोअॅन तेव्हा हयात होती. तरुणपणी तिलाच समोर उभं करून शुस्टरने लोइस लेनची पहिली चित्रं काढली होती. ती २०११ साली गेली. २०१३ साली वरच्या कोर्टाने निकाल फिरवला, कारण २००१च्या एका पत्रात तडजोड मान्य झालेली आहे असं ठरलं. शुस्टरकडचे १९९२च्या त्या कराराने अडकले. आणि तो १३० डॉलरवाला चेक? २०१२ साली त्याचा लिलाव झाला. एक लाख साठ हजार डॉलरला गेला.

जॅक कर्बीची गोष्ट मला जास्त जवळची वाटते, आणि जास्त टोचतेही.

कर्बी न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत वाढला. १९४०च्या डिसेंबरमध्ये, अमेरिका युद्धात उतरायच्या वर्षभर आधी, त्याने आणि जो सायमनने कॅप्टन अमेरिका काढला आणि पहिल्याच मुखपृष्ठावर त्याला हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारताना दाखवलं. मग कर्बी स्वतः पायदळात भरती होऊन फ्रान्समध्ये लढून आला. १९६१पासून पुढच्या नऊ वर्षांत त्याने मार्वलसाठी जे केलं त्याला इंजिनिअरच्या भाषेत थ्रूपुट म्हणतात आणि मराठीत वेड. फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, अ‍ॅव्हेंजर्स, ब्लॅक पँथर. स्टॅन ली कथेची रूपरेषा सांगायचा, कधी कधी फक्त फोनवर. कर्बी घरच्या तळघरात बसून पूर्ण गोष्ट चौकटींमध्ये रचायचा. मग ली त्यावर संवाद भरायचा. यात 'निर्माता' कोण यावर फॅन लोक आजही एकमेकांची डोकी फोडतात. माझं मत विचाराल तर दोघं. पण एकाला आपण सिनेमात झलक देताना पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. दुसऱ्याचा चेहरा थिएटरमधल्या किती लोकांनी ओळखला असता?

कर्बी नोकरीत नव्हता. पगार नाही, पेन्शन नाही, विमा नाही. पानामागे पैसे. आणि ते पैसे चेकने यायचे. त्या काळी मार्वलच्या चेकच्या मागच्या बाजूला, जिथे चेक वटवण्यासाठी सही करायची असते तिथे, बारीक अक्षरात मजकूर छापलेला असायचा: या सहीनिशी या कामावरचे सगळे हक्क मी कंपनीला देत आहे. म्हणजे घरी किराणा आणायचा तर सही करावीच लागणार, आणि सही केली की गेलं. वेगळा करार नाही, वकील नाही, वाटाघाट नाही.

१९८०च्या दशकात मार्वल जुन्या चित्रकारांना त्यांची मूळ पानं परत द्यायला लागलं. छपाईसाठी काढलेली, शाईची, हाताची पानं. इतरांना एक पानाचं संमतिपत्र सही करायला दिलं. कर्बीला १९८४ साली चार पानांचं दिलं, अटींनी भरलेलं. तो सही करेना. बाकीच्या लेखक-चित्रकारांनी सह्यांची मोहीम काढली. १९८७ साली शेवटी पानं मिळाली: त्याने काढलेल्या दहा हजारांहून जास्त पानांपैकी सुमारे दोन हजार. बाकीची कुठे गेली? चोरीला, भेट म्हणून, कचऱ्यात. १९९४च्या फेब्रुवारीत कर्बी गेला.

२००९ साली डिस्नीने मार्वल सुमारे चार अब्ज डॉलरला विकत घ्यायचं जाहीर केलं. त्याच सुमारास कर्बीच्या मुलांनी हक्क परत मागणाऱ्या नोटिसा पाठवल्या. कोर्टात ते हरले, २०११ साली आणि मग २०१३ साली अपिलात. कोर्टाचं म्हणणं असं की जुन्या कायद्यानुसार काम कंपनीच्या सांगण्यावरून आणि कंपनीच्या खर्चाने झालं होतं, त्यामुळे ते मुळातच कंपनीचं. तो निकाल वाचायला मला एक अख्खा रविवार लागला. कायद्याच्या दृष्टीने तो बरोबर असेलही, मला ते ठरवता येत नाही. पण पेन्शन मागायची वेळ आली तेव्हा कर्बी बाहेरचा माणूस होता आणि हक्काची वेळ आली तेव्हा घरचा. आणि काम जर पहिल्यापासून कंपनीचंच होतं, तर चेकच्या मागे सही कशाला लागत होती? प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या दारात पोचलं, आणि २०१४च्या सप्टेंबरमध्ये, ते ऐकायचं की नाही हे न्यायमूर्ती ठरवणार त्याच्या काही दिवस आधी, दोन्ही बाजूंनी तडजोड केली. रक्कम गुप्त. त्यानंतर कर्बीचं नाव ठळकपणे यायला लागलं. अ‍ॅव्हेंजर्सचा पहिला सिनेमा त्याआधी दोन वर्षं येऊन दीड अब्ज डॉलर कमावून गेला होता. मी तो तीनदा पाहिला होता.

इथे माझी स्वतःची एक छोटी गोष्ट सांगायला हवी. पहिल्या नोकरीत रुजू होताना मी वीस-बावीस पानांवर सह्या केल्या होत्या. न वाचता. त्यातलं एक कलम असं की नोकरीच्या काळात मी जे काही लिहीन त्यावर कंपनीचा हक्क. तिथे मी लॉग फाइली चाळून चुका शोधणारा एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला, कोणी सांगितलं नव्हतं, कंटाळा आला म्हणून. टीमला आवडला, पुढे तो कंपनीच्या प्रॉडक्टमध्ये गेला. मी नोकरी सोडल्यावर दोन वर्षांनी त्या प्रॉडक्टचा डेमो व्हिडिओ पाहत होतो. पडद्यावर एक एरर मेसेज आला आणि त्यात माझी स्पेलिंगची चूक जशीच्या तशी होती. मला राग आला नाही. मला महिन्याच्या महिन्याला पगार मिळत होता, पीएफ होता, आईबाबांचा विमा होता. मी कर्बी नाही, आणि तो प्रोग्रॅम म्हणजे हल्क नाही. पण ती चूक दुरुस्त करायचाही हक्क आता माझ्याकडे नाही हे जाणवलं, आणि थोडा वेळ विचित्र वाटलं.

मग मी पुन्हा त्या मरून परत येणाऱ्यांकडे वळलो, आणि माझं जुनं निदान टिकेना. लेखक वाईट नव्हतेच. बकीला परत आणणारा एड ब्रुबेकर हा तर उत्तम लेखक. ती कथा त्या दशकातल्या सर्वोत्तम कथांपैकी आहे. गोष्ट संपवायचा अधिकार लेखकाकडे असतो असं आपण गृहीत धरतो. सुपरहिरो कॉमिक्समध्ये तो कोणाकडेच नसतो. पात्र म्हणजे मालमत्ता. दर महिन्याला एक नवा भाडेकरू येतो, भिंतीला रंग मारतो, एखादा खिळा ठोकतो, पण निघताना घर होतं तसं करून द्यावं लागतं. स्पायडरमॅनने म्हातारं व्हायचं नाही, कारण टी-शर्टवर तो तरुण आहे. या धंद्यात यालाच 'बदलाचा आभास' म्हणतात. वाचकाला वाटलं पाहिजे की काहीतरी बदलतंय; बदलायचं मात्र काही नाही. ग्वेन स्टेसी मेली तेव्हा हा नियम एकदा मोडला, आणि म्हणूनच मी गच्चीवर गेलो होतो. ब्रुबेकरने पुढे एकदा सांगितलं की 'विंटर सोल्जर' सिनेमात तो छोट्याशा भूमिकेत दिसतो, त्या अभिनयाचे त्याला मिळालेले पैसे विंटर सोल्जर निर्माण केल्याच्या पैशांपेक्षा जास्त आहेत.

शेवट असलेली गोष्टही या व्यवस्थेत सुटत नाही. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्सचं 'वॉचमेन' १९८६-८७मध्ये बारा अंकांत आलं आणि संपलं. करारात होतं की पुस्तक ठरावीक काळ छपाईबाहेर राहिलं की हक्क या दोघांकडे परत. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे ते वर्ष-दोन वर्षांत व्हायला हवं होतं. पुस्तक इतकं गाजलं की छपाईबाहेर गेलंच नाही, आजतागायत. चांगलं लिहिल्याची शिक्षा म्हणा. २०१२ साली मूरच्या उघड विरोधाला न जुमानता त्याच्या आधीच्या कथा काढल्या गेल्या, २०१७पासून पुढच्याही. १९९२ साली मार्वलचे सात लोकप्रिय चित्रकार बाहेर पडून त्यांनी इमेज कॉमिक्स काढलं, जिथे जो निर्माता तोच मालक. तो रस्ता आजही चालू आहे आणि तिथे गोष्टी संपतात. माझ्या धाकट्या मामेभावाची पिढी तर सरळ जपानी मांगाकडे गेली. तिथे साधारणपणे हक्क लेखक-चित्रकाराकडे राहतो. 'डेथ नोट' बारा खंडांत संपतं आणि मेलेला माणूस मेलेला राहतो. मी त्याला पूर्वी हसायचो.

२०२३ साली तोच मामेभाऊ मला 'अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स' बघायला घेऊन गेला. त्यात पवित्र प्रभाकर येतो, मुंबईचा स्पायडरमॅन. मुंबई आणि मॅनहॅटन एकत्र करून केलेल्या 'मुंबॅटन'मधला. थिएटरमध्ये शिट्ट्या पडल्या. मीही ओरडलो. पवित्र नवा नाही. २००४ साली गॉथम कॉमिक्सने मार्वलच्या परवानगीने 'स्पायडरमॅन इंडिया'चे चार अंक काढले होते. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी. धोतरातला स्पायडरमॅन. मध्यंतरात मामेभावाला मी विचारलं, हा कोणी काढला माहितीये का? तो म्हणाला, "दादा, मार्वलने. अजून कोणी?" मी गप्प बसलो. पॉपकॉर्न मीच घेतले होते, ते थंड होत होते. शिवाय पाच वर्षांपूर्वी मीही हेच उत्तर दिलं असतं.

आणि मी कोणत्या तोंडाने बोलणार होतो? ऐंशी जीबी कॉमिक्सचे मी किती पैसे दिले होते? शून्य. कंपन्यांनी कर्बीला पानामागे काही डॉलर तरी दिले. 'तसेही पैसे कंपनीलाच गेले असते' हा युक्तिवाद मी स्वतःशी बऱ्याचदा करून पाहिला आहे. तो बऱ्यापैकी टिकतो, फक्त हयात असलेल्या लेखक-चित्रकारांना पुनर्मुद्रणाचे थोडे का होईना पैसे मिळतात, तिथे येऊन अडतो. आता मी इमेजची पुस्तकं विकत घेतो. त्याने जुना हिशेब फिटत नाही.

ती हार्ड डिस्क अजून आहे. फेकवत नाही, आणि 'सुपरमॅन', 'बॅटमॅन', 'स्पायडरमॅन' अशा फोल्डरांकडे पूर्वीसारखं बघवतही नाही. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी एक स्क्रिप्ट लिहिली. प्रत्येक फाइलचा मालिकेचा आणि अंकाचा क्रमांक घ्यायचा, श्रेयाच्या याद्यांशी जुळवायचा, आणि पात्राच्या नावाच्या फोल्डरमधून काढून चित्रकाराच्या नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. रात्रभर चालवली. कर्बीचा फोल्डर फुगणार हे अपेक्षितच होतं. बॅटमॅनच्या जुन्या कथांसाठी मी जास्तीचा एक नियम घातला होता, कारण छापील नाव एकट्या बॉब केनचं असलं तरी बऱ्याच कथा बिल फिंगरच्या आहेत; बॅटमॅनचा झगा, टोपी, काळा-करडा रंग त्याने सुचवलेला. तो १९७४ साली गेला आणि अधिकृत श्रेयात त्याचं नाव २०१५ साली आलं.

सकाळी उठून पाहिलं तर स्क्रिप्ट संपली होती. ज्या फाइलींचं नाव जुळणार नाही त्यांच्यासाठी मी शेवटी एक फोल्डर ठेवला होता, 'अज्ञात' नावाचा. त्यात दहा-वीस फाइली येतील असं मी धरलं होतं. तीसचं आणि चाळीसचं दशक जवळजवळ सगळं त्यातच जाऊन पडलं होतं. अक्षरं लिहिणारे, रंग भरणारे, दुसऱ्याच्या नावाखाली पानं काढणारे. मी त्यातली एक फाइल उघडली आणि पहिल्या पानाच्या कोपऱ्यांवर झूम करत सही शोधायला लागलो.